बाबांचा संगणक ‘अपात्र’ ठरलाय. नव्या विंडोजमध्ये नवं आहे तरी काय?

नौपाडेकर

मंडळी, सल्ला हवाय आणि थोडं मन मोकळं करायचंय.

बाबा ७४ वर्षांचे. निमसरकारी कचेरीतून निवृत्त. सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या, मग चहा, मग साडेसातला संगणक. सोसायटीच्या नोटिसा मराठीत टाइप करायच्या, मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये मांडायचा, रेल्वेची तिकिटं काढायची, आत्याशी व्हिडिओ कॉल करायचा. एवढंच काम. यंत्र २०१६ साली लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेलं. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. मागाहून मी एसएसडी टाकली, तेव्हापासून घोड्यासारखं पळतंय.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एक वर्षाची वाढीव मुदत घेतलीय, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ टाकायला गेलो तर म्हणे हा पीसी पात्र नाही. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर यादीत नाही. बाबा म्हणाले, "मला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवलं. याला दहाव्याच?"

गंमत पुढेच आहे. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ११ आहे, म्हटलं बाबांना दाखवून तरी बघू. त्यांनी माऊस धरला आणि नेहमीसारखा खाली डाव्या कोपऱ्यात नेला. क्लिकसुद्धा केलं नाही, तोवर हवामान, क्रिकेट आणि कुठल्यातरी नटीच्या बातम्यांचा फलक अर्ध्या पडद्यावर उघडला. बाबांनी हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा. "मला पाऊस नकोय, मला स्टार्ट हवंय."

तेव्हा प्रश्न दोन. एक, या यंत्राचं काय करू? आणि दुसरा, हे सगळं बदलून आपल्याला नेमकं काय मिळालं?

ऐरोलीचा_टेस्टर

आधी सोपं सांगतो. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार. तिथे अलाइनमेंट डावीकडे करा, स्टार्ट कोपऱ्यात येतं. विजेट्सही त्याच पानावर बंद होतात. दोन मिनिटांचं काम आहे. एवढ्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला नावं ठेवायची म्हणजे नळ गळतो म्हणून फ्लॅट विकायला काढण्यासारखं.

आणि टीपीएमला उगाच बदनाम करू नका. डिस्कच्या कुलपाची किल्ली त्या वेगळ्या चिपमध्ये राहते. मी रोज ठाणे-ऐरोली करतो. एकदा उतरताना लॅपटॉपची बॅग वरच्या रॅकवरच राहिली, वाशीपर्यंत गेली आणि तिथून कुठे गेली ते देवाला ठाऊक. लॅपटॉप गेला, पण डिस्क कुलूपबंद होती म्हणून नोकरी राहिली. खरं नवं काम हे असं आत होत असतं, दिसत नाही.

नौपाडेकर

टेस्टरभाऊ, मान्य. पण बाबांचा डेस्कटॉप कोण चोरणार? आत आहेत पाण्याच्या टँकरची बिलं.

टर्मिनल_पेशंट

अहो, कशाला घोळ घालताय! विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका. तिचं सिनॅमन नावाचं रूप घ्या. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, मध्ये पट्टी. पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हातही लागत नाही. आवडलं तर ठेवा, नाही तर पेनड्राइव्ह काढा आणि विसरा. माझ्याकडे खारघरला एक यंत्र २०११ चं आहे, आजही रोज अपडेट घेतंय.

ऐरोलीचा_टेस्टर

आले कीर्तनकार! विंडोजचा धागा निघाला की लिनक्सचा अभंग सुरू. हलकं घ्या.

सीए_वाशी

कीर्तन चालू द्या, पण पोटापाण्याचंही बोला. माझ्या ऑफिसात आठ यंत्रं आहेत. टॅली विंडोजवर. डिजिटल सहीचं टोकन यूएसबीत लावायचं, त्याचा ड्रायव्हर, त्यावर सही करणारा वेगळा प्रोग्रॅम, तो जावा सॉफ्टवेअरच्या एका ठरावीक आवृत्तीवर चालणार, आणि हे सगळं रिटर्नच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता एकमेकांशी बोललं पाहिजे. एका आर्टिकलने, म्हणजे शिकाऊ सीएने, हौसेने एका यंत्रावर लिनक्स घातलं होतं. टोकन ओळखलं, पण सही करणाऱ्या प्रोग्रॅमने ओळख दाखवली नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मीच विंडोज परत घातलं.

लोक ऑपरेटिंग सिस्टिम वापरत नाहीत हो. लोक टॅली वापरतात, एक्सेल वापरतात. खालची जमीन कुठली, हे घरमालकाने बघावं.

धागाकर्त्यांच्या बाबांना टोकन लागत नसेल तर मात्र त्यांनी काहीही करावं.

कोपरीचा_सफरचंदवाला

स्टार्ट कोपऱ्यातून हलवणं ही साधी चूक नाही, ही शास्त्राला सोडून केलेली चूक आहे. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका हात तिथे पोचायला वेळ लागतो. पडद्याचा कोपरा हे माऊससाठी सगळ्यात मोठं लक्ष्य. कितीही जोरात ढकला, बाण कोपऱ्यातच अडकतो, नेम धरावा लागत नाही. मॅकचा मेनू १९८४ पासून पडद्याच्या अगदी वरच्या कडेला चिकटून आहे तो याच फायद्यासाठी. विंडोज ९५ मध्ये स्टार्ट आलं कोपऱ्यात, पण बटण आणि पडद्याची कड यांच्यात काही पिक्सेलची फट ठेवली होती! अगदी कोपऱ्यात क्लिक केलं तर काहीच होत नसे. ती फट पुढे बुजवली, आणि मग विंडोज ११ मध्ये अख्खं बटणच उचलून मध्ये ठेवलं. ॲप जितकी जास्त उघडाल तितकं ते डावीकडे सरकतं, म्हणजे नेम रोज नवा.

काकांना मॅक मिनी घेऊन द्या.

टर्मिनल_पेशंट

आणि दहा वर्षांनी? इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी ‘टाहो’ ही मॅकओएसची शेवटची आवृत्ती, हे ॲपलनेच सांगितलंय. तिथेही निवृत्तीचं वय आहे, फक्त निरोप समारंभ जरा देखणा.

कोपरीचा_सफरचंदवाला

हे खरंय. गप्प बसतो.

तात्या_टंकलेखक

बराच वेळ वाचतोय. मूळ मुद्द्याला कुणी हातच घातला नाही. नौपाडेकर, बाबा मराठी टाइप कसं करतात? कळफलक कुठला, टंकयंत्राचा रेमिंग्टन की संगणकाचा इनस्क्रिप्ट? आणि जुन्या फायली कुठल्या फॉन्टात?

नौपाडेकर

तात्या, रेमिंग्टन. मराठी ३० आणि ४० दोन्ही परीक्षा दिलेल्या, मशीनवर. फायली कृतिदेवात, जवळजवळ पंधरा वर्षांच्या.

तात्या_टंकलेखक

वाटलंच. मग जरा बैठक मारून ऐका. मी स्टेशनजवळ बावीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली, आधी मशीनं आणि शेवटी संगणक. हजारो पोरांची बोटं माझ्या हाताखालून गेली.

‘किती’ हा शब्द घ्या. टंकयंत्रावर आधी ऱ्हस्व वेलांटी मारायची, मग क, मग त, मग दीर्घ वेलांटी. कागदावर जे डावीकडून उजवीकडे दिसतं, त्या क्रमाने. म्हणजे बोट चित्र काढतं. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी. जसं तोंडाने म्हणतो तसं. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांनी मानलेली अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत, तीही अक्षर त्याच क्रमाने साठवते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी शहाण्या आहेत, पण चाळीस वर्षं चित्र काढलेल्या बोटाला एकदम ‘आता म्हणून दाखव’ असं सांगता येत नाही. माझ्याकडे एक हवालदार यायचे, इनस्क्रिप्ट शिकायला. तीन महिने प्रामाणिकपणे आले. चौथ्या महिन्यात म्हणाले, "सर, डोक्याला कळतंय, करंगळीला कळत नाही."

आता कृतिदेवाची भानगड. त्यात देवनागरी अशी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. ‘किती’ टाइप केलं की फायलीत साठतं एफ, डी, आर, एच. फॉन्ट आहे तोवर किती, फॉन्ट गेला की एफडीआरएच. बाबांची पंधरा वर्षांची सोसायटी अशा चार-चार अक्षरांच्या गाठोड्यांत बांधलेली आहे. शोधायला जाल तर सापडणार नाही, कारण संगणकाच्या लेखी त्यात मराठीचा एक शब्द नाही.

म्हणून मला कुणी विचारलं ना, तात्या, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तुमच्या हयातीत नवं काय आलं, तर मी स्टार्ट बटण सांगणार नाही. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आणि युनिकोड मराठी आलं, ते सांगीन. एक्सपीत तर ते बंद असायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या पानावर टिचकी मारायची, मग ते सीडी मागायचं, सीडी कुणाकडे नसायचीच. पण एकदा चालू झालं की ठाण्यात लिहिलेलं पत्र नागपुरात तसंच उघडायचं, फॉन्ट सोबत न पाठवता. लोकांना आज यात विशेष वाटत नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी क्लास अर्धा तास लवकर सोडला होता.

आणि एक खुपणारी गोष्ट. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ यातला तो आडवा अर्धा र. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, त्यापुढे हलन्त आणि य. साधं आहे, पण सांगतं कोण? परिणाम बघा, दुकानांच्या पाट्यांवर सर्रास ‘दुसर्या’. रफार डोक्यावर घेऊन उभा आहे बिचारा. वापरसुलभता म्हणता ना, ती इथे मोजा. बटण डावीकडे की मध्ये, यावर जग भांडतंय, आणि आमचा र दारात ताटकळतोय.

मीनाताई_कोपरखैरणे

तात्या, साष्टांग! वाखुसा (वाचनखूण साठवली).

टर्मिनल_पेशंट

तात्या, नमस्कार. नौपाडेकर, चांगली बातमी: लिनक्सवर आयबस आणि एम१७एन या टायपिंगच्या सोयींमधून मराठी कळफलकाचे बरेच आराखडे मिळतात. इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आपलं गमभन, आणि हो, रेमिंग्टनसुद्धा. वेलांटी आधी मारली तरी ते आपलंआपण मागे नेऊन ठेवतं. कृतिदेवाच्या फायलींना फक्त फॉन्ट हवा, तो फॉन्टच्या फोल्डरात टाकला की लिब्रे ऑफिसात (लिनक्सवरचं वर्ड-एक्सेल समजा) जशाच्या तशा दिसतील.

घणसोलीची_शिक्षिका

मी शाळेत संगणक शिकवते, त्यामुळे हा धागा सासू-सुनेच्या दोन्ही बाजूंनी वाचतेय.

आमच्या सहावीच्या मुलांना फोल्डर ही कल्पनाच नाही. फोनवर वाढलेली पोरं. फाईल कुठे ठेवलीस, तर म्हणतात, "वर्डमध्ये." कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात, हा प्रश्नच त्यांना विचित्र वाटतो. आणि पहिल्या दिवशी निम्मी मुलं मॉनिटरच्या काचेवर बोट फिरवतात. मी हसायचे. आता वाटतं, त्यांचंच बरोबर असेल. जी वस्तू दिसते तिला हात लावावासा वाटणं यात गैर काय? शेजारच्या उंदराला हलवून समोरचा बाण हलवायचा, हे आपण शिकलो म्हणून आपल्याला नैसर्गिक वाटतं.

आणि एक अवांतर. ही मुलं कुठून शिकतात देव जाणे, पण संगणक सुरू झाला की डेस्कटॉपवर उजवं बटण दाबून ‘रिफ्रेश’. एकदा नाही, तीन-चारदा. चटचटचट. मी विचारलं का करतोस, तर म्हणे फास्ट होतो. घरी बाबा करतात. आमच्या ऑफिसातले क्लार्क करतात, मुख्याध्यापक करतात. मीही करते, खोटं कशाला बोलू.

ऐरोलीचा_टेस्टर

ताई, त्या रिफ्रेशने फक्त डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात. रॅम मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. देवळाबाहेर घंटा वाजवतो, तसं आहे ते.

तसंच पेनड्राइव्ह ‘सेफली रिमूव्ह’ करणं. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून चटकन काढता येईल अशीच मूळ व्यवस्था असते. म्हणजे लिहून झालं असेल तर सरळ काढा. सात वर्षं झाली तरी आमच्या टीममधली इंजिनिअर मंडळी घड्याळाशेजारचं ते चिन्ह शोधत बसतात.

सीए_वाशी

मी तरी शोधणार. एकदा बॅलन्सशीट उडालीय.

टर्मिनल_पेशंट

आता धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. माझं मत कडू आहे. माऊस, खिडक्यांतून काम, दुव्यावर क्लिक करून दुसऱ्या पानावर जाणं, हे डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत भरल्या सभागृहात करून दाखवलं. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत आल्टो नावाचा संगणक १९७३ ला चालू होता. लिनक्सचा पूर्वज युनिक्स १९६९ चं. मॅक १९८४, विंडोज ९५ आलं १९९५ ला. तुमच्या टेबलावर जे आहे त्यातलं बहुतेक सगळं माझ्या जन्माआधी कुणीतरी शोधून ठेवलेलं. नंतरची तीस वर्षं आपण भिंतींना रंग देतोय. एकदा काचेसारखं, एकदा सपाट, आता परत काचेसारखं.

आणि जे खरंच नवं होतं त्याला नवं म्हणून कुणी ओळखलं नाही. डेबियन नावाच्या लिनक्समध्ये एका आज्ञेने, एकाच भरवशाच्या ठिकाणाहून, सगळे अवलंबून असलेले तुकडे गोळा करून प्रोग्रॅम बसवणं १९९९ पासून आहे. आयफोनचं ॲप स्टोअर आलं २००८ ला, तेव्हा जगाला साक्षात्कार झाला.

ऐरोलीचा_टेस्टर

पेशंट, एक प्रश्न. २०११ साली लिनक्सच्या डेस्कटॉपचं नवं रूप ग्नोम ३ आलं तेव्हा तुमच्या लोकांनी काय केलं? होता तो मेनू काढला, पट्टी काढली, मिनिमाइझचं बटणसुद्धा काढलं. इतका आरडाओरडा झाला की जुन्या ग्नोमची वेगळी शाखा काढून तिला माटे नाव द्यावं लागलं. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढलं, वर्षभराने ८.१ मध्ये बटण परत आणलं, आणि मेनू परत यायला २०१५ चं विंडोज १० उजाडलं. दोघांनी एकाच वेळी टॅबलेट बघितला आणि दोघांचीही बुद्धी एकाच वेळी फिरली.

टर्मिनल_पेशंट

हे मात्र पदरात घेतो. ग्नोम ३ आलं त्या आठवड्यात मीही शिव्या घातल्या होत्या. फरक इतकाच की आम्हाला शाखा काढता आली. तुम्हाला ८.१ ची वाट बघत बसावं लागलं.

ऐरोलीचा_टेस्टर

आणि तुमच्या शंभर शाखांतून नवख्याने कुठली निवडायची हे सांगायला तुमच्यासारखा माणूस घरी बोलवावा लागतो. तोही खारघरहून.

टर्मिनल_पेशंट

येतो की. चहा द्या फक्त.

नौपाडेकर

अपडेट.

पेशंट खरंच आले. रविवारी दुपारी, पेनड्राइव्ह खिशात, आणि आईने चहाबरोबर थालीपीठही दिलं. मिंट पेनड्राइव्हवरून चालू केलं. वायफाय लगेच लागलं. प्रिंटर पंधरा मिनिटं रुसला, मग लागला. स्कॅनर अजून रुसलेलाच आहे.

बाबा मागे खुर्ची टाकून बसले होते, हाताची घडी घालून. रेमिंग्टन लावून पेशंट उठले आणि बाबांना बसवलं. बाबांनी चष्मा पुसला, माऊसकडे बघितलंच नाही. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ एका दमात मारलं. ‘कळविण्यात’मधली वेलांटी व च्या आधी मारली, ती पडद्यावर क्षणभर एकटी उभी राहिली, मग व आला आणि ती त्याला जाऊन चिकटली. बाबांनी मान हलवली. मग ‘दुसऱ्या मजल्यावरील’ मारून बघितलं. तात्या, तुमचा र आला बरं का, आडवा, व्यवस्थित.

कृतिदेवाच्या फायली उघडल्या. २०१२ ची लिफ्टच्या वर्गणीची नोटीस बघून बाबा आणि पेशंट लिफ्टवरच अर्धा तास बोलले.

आठवडाभर पेनड्राइव्हवरूनच चालवलं, काल डिस्कवर टाकलं. विंडोज १० शेजारी ठेवलंय, आत्याचा कॉल अडला तर असावं म्हणून.

एकच तक्रार. बाबा सकाळी बसले, डेस्कटॉपवर उजवं बटण दाबलं आणि तसेच थांबले. मला आतून हाक. "अरे, रिफ्रेश कुठे गेलं यातलं?" मी सांगितलं, बाबा, त्याने काही होत नाही. "मग तिकडे का ठेवलं होतं?" याला माझ्याकडे उत्तर नाही. दिवसभर म्हणत होते की आज यंत्र जड वाटतंय.

ऐरोलीचा_टेस्टर

हाहाहा. पेशंट, आता बोला! साठ वर्षांचं संशोधन एका बाजूला.

टर्मिनल_पेशंट

काका म्हणतात तर करून देतो. मिंटच्या फाईल व्यवस्थापकात, म्हणजे नेमोत, उजव्या बटणाच्या यादीत आपल्या मनाची ओळ घालता येते. छोटी मजकूर-फाईल लिहायची आणि होम फोल्डरात .लोकल, त्यात शेअर, त्यात नेमो, त्यात ॲक्शन्स, तिथे ठेवायची. नाव ‘रिफ्रेश’. आज्ञा द्यायची ‘ट्रू’. युनिक्सची फार जुनी आज्ञा आहे ती. काहीही करत नाही आणि काम यशस्वी झाल्याचं कळवते. फाईल तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवली आहे.

घणसोलीची_शिक्षिका

मलाही पाठवा. लॅबमध्ये वीस यंत्रं आहेत.

नौपाडेकर

टाकली. बाबांनी दाबून बघितलं. म्हणाले, "हां, आता कसं."

तात्या_टंकलेखक

कितीदा दाबलं?

नौपाडेकर

तीनदा.